गेलेला गडी आणि राहिलेला सूर

मराठी रंगभूमीचा इतिहास वाचणाऱ्यास एक प्रसंग पुनःपुन्हा भेटतो. नाटक मंडळीतील मुख्य नट बाहेर पडतो आणि मंडळीचे आसन डळमळू लागते. १९१३ साली बालगंधर्व किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले व गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली, तेव्हा रसिकांपुढे हाच प्रश्न आला होता. मंडळी म्हणजे तिच्या फलकावरचे नाव, की तिच्यातील तो एक गळा? भजनी मंडळ असो, गावचा ब्रास बँड असो वा एखादे गायनमंडळ असो, ज्यांनी ज्यांनी चार माणसे जमवून गाणे केले आहे त्यांना हा प्रश्न पुस्तकात वाचावा लागत नाही. कधी ना कधी तो त्यांच्या दारात येऊन उभा राहतो.

प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचे एक परदेशी उदाहरण वाचकांपुढे ठेवू इच्छितो. ते आहे इंग्लंडमधील ‘पिंक फ्लॉइड’ या रॉक बँडचे. रॉक संगीत म्हटले की आमच्या पुष्कळ वाचकांच्या कपाळावर आठी पडते हे आम्ही जाणतो. तथापि ही आठी क्षणभर बाजूस सारून १९६८ सालचा तो वृत्तान्त पाहावा अशी आमची विनंती आहे. त्यात संगीताच्या घडणीचा एक महत्त्वाचा धडा आहे, आणि संगीतापेक्षा मोठा असा एक माणुसकीचा प्रश्नही आहे.

केंब्रिजचे मित्र

या कथेची मुळे केंब्रिज या विद्यापीठनगरीत आहेत. रॉजर कीथ बॅरट याचा जन्म तेथे ६ जानेवारी १९४६ रोजी झाला. ‘सिड’ हे त्याचे नंतरचे टोपणनाव. त्याचे वडील रोगनिदानशास्त्राचे डॉक्टर होते. १९६१ च्या डिसेंबरात, मुलगा पंधरा वर्षांचा असताना, ते वारले. त्याच गावात रॉजर वॉटर्स वाढला. त्याचे वडील १९४४ साली इटलीतील अँझिओच्या रणभूमीवर पडले, तेव्हा तो काही महिन्यांचाच होता. तिसरा डेव्हिड गिल्मर. गिल्मर व बॅरट एकाच वर्षी जन्मलेले, तांत्रिक महाविद्यालयात दुपारच्या सुट्टीत एकत्र गिटार घासणारे आणि १९६५ च्या उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्समध्ये रस्त्यावर गाणी म्हणत हिंडलेले मित्र होते.

वॉटर्स वास्तुशास्त्र शिकण्यासाठी लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये गेला. तेथे त्यास निक मेसन व रिचर्ड राइट हे सहाध्यायी भेटले. १९६४ साली बॅरट चित्रकला शिकण्यासाठी लंडनला आला आणि त्यांच्यात मिसळला. मेसनकडे ड्रम, राइटकडे ऑर्गन, वॉटर्सकडे बेस गिटार, आणि बॅरटकडे गिटार व गाणे. बँडला नाव दिले तेही बॅरटनेच. पिंक अँडरसन व फ्लॉइड कौन्सिल या अमेरिकेतील दोन कृष्णवर्णीय ब्लूज गायकांच्या पहिल्या नावांची ती जोडणी होती.

नाव त्याचे, गाणी त्याची आणि चेहराही त्याचाच. १९६७ च्या मार्च महिन्यात ‘आर्नोल्ड लेन’ हे गाणे निघाले आणि इंग्लंडच्या विक्रीयादीत विसाव्या स्थानी गेले. जूनमध्ये ‘सी एमिली प्ले’ आले आणि ते सहाव्या स्थानी पोहोचले. ऑगस्टमध्ये ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ ही पहिली मोठी तबकडी प्रसिद्ध झाली. केनेथ ग्रॅहम यांच्या ‘द विंड इन द विलोज’ या मुलांच्या पुस्तकातील एका प्रकरणाचे नाव तिला दिले होते. तिच्यातील अकरा रचनांपैकी आठ एकट्या बॅरटच्या होत्या. परीकथा, मांजर, सायकल, बुजगावणे असे बालविश्व एका बाजूस, आणि ग्रहताऱ्यांकडे झेपावणारा गिटारचा कल्लोळ दुसऱ्या बाजूस, असे तिचे स्वरूप होते. छोट्या आरशांनी मढवलेल्या गिटारच्या तारांवर तो सिगारेटचा लायटर फिरवी, आणि तो आवाज ‘बिन्सन’ नावाच्या इटालियन प्रतिध्वनियंत्रातून जाऊन दालनभर घुमत राही.

विझत गेलेला दिवा

यश आले त्याच वर्षी ओहोटीही लागली. लंडनच्या त्या वर्तुळात एलएसडी नावाच्या मादक द्रव्याची मोठी चलती होती, आणि बॅरट त्याच्या फार आहारी गेला होता. द्रव्यानेच त्याचे मन बिघडले, की आधीच नाजूक असलेले मन कीर्तीच्या ओझ्याखाली वाकले, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. आम्ही वैद्य नाही आणि दुरून नाडी पाहण्याचा अधिकार कोणासच नाही. घडले ते मात्र सोबत्यांनी सांगून ठेवले आहे. फ्रान्सहून परतलेला गिल्मर १९६७ च्या वसंतात ध्वनिमुद्रणाच्या वेळी भेटावयास गेला, तेव्हा बालपणीच्या मित्राने ओळख असल्यासारखे त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. नोव्हेंबरात बँड अमेरिकेस गेला. तेथे दूरचित्रवाणीवर मुद्रित गाण्यावर ओठ हलवावयाचे असत. बॅरट ते धड करीना, आणि मुलाखतकाराच्या प्रश्नासही कधी कधी केवळ टक लावून पाहण्याचे उत्तर देई. मंचावर तो एकच सूर छेडत राही किंवा हात खाली सोडून उभा राही.

इतर तिघे तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचे होते. त्यांच्याजवळ ना अनुभव होता ना मार्गदर्शक. पाठीमागे कर्ज, पुढे ठरलेले कार्यक्रम, आणि मधे हा मित्र. वर्षाच्या अखेरीस त्यांनी गिल्मरला पाचवा गडी म्हणून बोलावले. योजना अशी की मंचावर गिल्मरने बाजू सांभाळावी आणि बॅरटने घरी बसून गाणी रचावीत. अमेरिकेतील ‘बीच बॉइज’ या बँडमध्ये ब्रायन विल्सन याने दौरे सोडून असेच केले होते, तो दाखला त्यांच्यापुढे होता.

१९६८ च्या जानेवारीत पाच जणांनी मिळून मोजकेच कार्यक्रम केले. याच काळातील एका तालमीची आठवण सोबत्यांनी पुढे सांगितली आहे. बॅरटने एक नवे गाणे आणले. ‘जमले का?’ हाच त्याचा आशय. सोबती चाल पकडू लागले की तो ती बदले. पुन्हा शिकवी, पुन्हा बदले. गाणे जमण्यासाठी नव्हतेच, हे त्यांच्या ध्यानी यावयास बराच वेळ लागला. ही थट्टा होती की निरोप, हे आम्हांस सांगता येणार नाही. दोन्ही असावे.

मग तो दिवस आला. २६ जानेवारी १९६८ रोजी साउदॅम्प्टन येथे कार्यक्रम होता. लंडनहून गाडी निघाली. सिडला घ्यावयाचे का, असे गाडीत कोणीतरी विचारले. नको, राहू द्या, असे दुसरे कोणीतरी म्हणाले. गाडी त्याच्या घराकडे वळली नाही. एवढेच. भांडण नाही, पत्र नाही, निरोपाचा शब्द नाही. त्याच्या जाण्याची रीतसर घोषणा व्हावयास ६ एप्रिल उजाडला. पीटर जेनर व अँड्र्यू किंग हे बँडचे व्यवस्थापक व सहा वाट्यांच्या भागीदारीतील भागीदार. त्यांनी आपला वाटा बॅरटच्या पारड्यात टाकला आणि बँड सोडला. प्रतिभा जिकडे, तिकडे भविष्य, असा त्यांचा हिशेब होता. आणि त्या क्षणी तो अगदी योग्य दिसत होता.

उणिवेतून पद्धत

पुष्कळांचा असा समज आहे की गिल्मर आला आणि त्याने नवा नाद आणला. इतिहास असे सांगत नाही. पहिल्या काही महिन्यांत गिल्मरकडून बॅरटसारखेच वाजविण्याची व त्याचीच गाणी म्हणण्याची अपेक्षा होती. फेब्रुवारीत बेल्जियमच्या दूरचित्रवाणीसाठी चित्रण झाले, तेव्हा बॅरटच्या मुद्रित आवाजावर इतरांना ओठ हलवावे लागले. गेलेल्या माणसाचा आवाज आणि राहिलेल्यांचे ओठ! बँडची त्या वेळची अवस्था याहून नेमकी दाखविता येणार नाही.

जूनमध्ये ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ ही दुसरी तबकडी निघाली. तीत सात रचनांपैकी एकच बॅरटची होती, ‘जगबँड ब्लूज’. ती आदल्या ऑक्टोबरातील. तिच्यासाठी साल्व्हेशन आर्मीच्या वादकांना बोलाविले होते, आणि त्यांनी मनास येईल ते वाजवावे असा बॅरटचा आग्रह होता. ही रचना शेवटी ठेवली आहे. म्हणजे तबकडी संपते ती जाणाऱ्याच्या आवाजावर. मात्र भविष्य दडले होते ते तबकडीच्या शीर्षकरचनेत. सुमारे बारा मिनिटांची ही रचना कवितेतून वा चालीतून उगवलेली नाही. वॉटर्स व मेसन या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कागदावर चढउतारांची आकृती काढली. येथे शांतता, येथे गडगडाट, येथे पुन्हा उतार. आणि चौघांनी त्या आराखड्याप्रमाणे नाद रचला.

आमच्या मते या बँडचे परिवर्तन नेमके येथे सुरू होते, आणि त्याचे कारण विचारात घेण्याजोगे आहे. बॅरटजवळ तीन मिनिटांत एक पूर्ण जग उभे करण्याचे सामर्थ्य होते. राहिलेल्या चौघांपैकी कोणाजवळही ते नव्हते, आणि ते त्यांना ठाऊक होते. डिसेंबर १९६८ मध्ये त्यांनी काढलेले ‘पॉइंट मी ॲट द स्काय’ हे छोटे गाणे साफ पडले. त्यानंतर इंग्लंडात त्यांनी एकेका गाण्याची छोटी तबकडी काढणेच सोडून दिले, ते थेट १९७९ पर्यंत. जे जमत नाही ते न करण्याचा हा निर्णय होता. कवी गेला, तर कवितेची नक्कल करू नये. चौघांजवळ जे आहे, म्हणजे धीर, कान, यंत्रांची समज आणि रचनेचे गणित, त्यातून घर बांधावे. घरातील वडीलधारा अकाली गेला की भावंडे त्याच्यासारखी होत नाहीत. कामे वाटून घेतात आणि घराची रीतच बदलते. तसेच हे झाले.

ही वाट सरळ नव्हती. १९६९ सालच्या ‘उमागुमा’ या जोडतबकडीत त्यांनी प्रत्येकास अर्धी बाजू वाटून दिली. गिल्मरने आपल्या भागासाठी शब्द लिहून मागितले, तर वॉटर्सने नकार दिला. चार एकटी माणसे चार खोल्यांत बसून काय करतात, एवढेच त्यातून सिद्ध झाले. १९७० च्या ‘ॲटम हार्ट मदर’मध्ये रॉन गीसिन यांच्या साह्याने त्यांनी पितळी वाद्ये व गायनवृंद यांचा मोठा घाट घातला. तबकडी इंग्लंडच्या यादीत पहिल्या स्थानी गेली, परंतु पुढे खुद्द बँडनेच तिचे फारसे कौतुक केले नाही.

खरी चावी सापडली ती १९७१ साली, आणि तीही योगायोगाने. हाती काही नसताना त्यांनी लहानसहान तुकडे मुद्रित करण्यास प्रारंभ केला व त्या तुकड्यांना ‘काहीच नाही’ अशा अर्थाचे नाव व अनुक्रमांक दिले. एके दिवशी राइटने पियानोची एकच वरची पट्टी दाबली. तो सूर फिरत्या ध्वनिवर्धकातून गेला आणि पाण्याच्या तळातून यावा तसा ऐकू आला. त्या एका थेंबाभोवती ‘एकोज’ ही तेवीस मिनिटांहून अधिक लांबीची रचना उभी राहिली. ‘मेडल’ या तबकडीची एक संपूर्ण बाजू तिने व्यापली आहे. तीत गिल्मर व राइट यांचे आवाज एकमेकांत असे मिसळले आहेत की मुख्य गायक कोण हे विचारण्याची गरज राहात नाही. गिल्मरच्या गिटारनेही आता स्वतःची चाल धरली होती. तेच बिन्सन यंत्र, पण हात वेगळा. बॅरट सूर उधळीत असे. गिल्मर एकेक सूर ताणतो, थांबतो, त्यास विझू देतो, आणि मग पुढचा लावतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरात पाँपेई येथील रिकाम्या प्राचीन रंगमंडलात, एकाही श्रोत्याविना, त्यांच्या वादनाचे चित्रण झाले. चेहऱ्यांऐवजी नादालाच मध्यभागी बसविणाऱ्या बँडला यापरते शोभणारे स्थान सापडले नसते.

ऋणाची फेड

मार्च १९७३ मध्ये ‘द डार्क साइड ऑफ द मून’ प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या विक्रीयादीत १९७३ ते १९८८ या काळात ती एकूण ७४१ आठवडे राहिली. तिचे सारे शब्द वॉटर्सचे. काळ, पैसा, प्रवास, मृत्यू आणि वेड हे तिचे विषय आहेत. हृदयाच्या ठोक्याने ती सुरू होते व ठोक्यानेच संपते. शेवटाकडे हिरवळीवरच्या एका वेड्याचे गाणे आहे. त्यामागे बॅरटची आठवण आहे हे वॉटर्सने स्वतः सांगितले आहे. ज्याला घ्यावयास गाडी थांबली नव्हती, तो पाच वर्षांनी असा गाण्यात येऊन बसला होता.

यशानंतर आलेल्या पोकळीत त्यांनी पुढील तबकडीचे काम हाती घेतले. गिल्मरच्या गिटारवर सहज चार सुरांचा एक उदास तुकडा उमटला. वॉटर्सने तो ऐकला आणि त्यास बॅरट आठवला. त्यातून ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ ही नऊ भागांची दीर्घ रचना घडली. तबकडीचे नावच ‘विश यू वेअर हिअर’, म्हणजे ‘तू येथे असावयास हवा होतास’.

जून १९७५ मध्ये ॲबी रोडच्या ध्वनिमुद्रणगृहात याच रचनेवर हात फिरविणे चालू असताना एक स्थूल, डोके व भुवयाही भादरलेला इसम आत येऊन उभा राहिला. कोणाचा तरी ओळखीचा असेल म्हणून कोणी लक्ष दिले नाही. बऱ्याच वेळाने कोणाच्या तरी ध्यानी आले, आणि मग एकेकास कळत गेले. तो सिड होता. वय वर्षे एकोणतीस. ज्याच्यावर शोकगीत रचले जात होते तो ते ऐकावयास आला होता, आणि रचणाऱ्यांनी त्यास ओळखले नव्हते. वॉटर्सच्या डोळ्यांत अश्रू आले. थोड्या वेळाने बॅरट जसा आला तसा निघून गेला.

आता प्रश्न असा की या चौघांनी मित्रावर अन्याय केला काय? वकीलपत्र घेण्याची आमची इच्छा नाही. त्या जानेवारीच्या दिवशी गाडी न थांबविणे ही भेकड गोष्ट होती. पुढे त्यांनीही तिचे फारसे समर्थन केलेले नाही. त्याला बरोबर ठेवून बँड चालला नसता हेही खरे. परंतु निर्णय अटळ असला म्हणून तो कसा घेतला याची जबाबदारी टळत नाही. पायरीवरून उतरविणे भाग पडले, तरी हात धरून उतरविता येते.

तथापि दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. बॅरटच्या एकट्याच्या दोन तबकड्या १९७० साली निघाल्या. पहिली तडीस नेण्यास गिल्मर व वॉटर्स यांनी हातभार लावला, आणि दुसरी गिल्मर व राइट यांनी सिद्धीस नेली. ताल सोडून वाहवत जाणाऱ्या त्याच्या गाण्याभोवती इतर वाद्ये मागाहून बसविण्याचे काम किती चिकाटीचे, हे ज्यांनी बेताल गायकास साथ केली आहे त्यांनाच कळेल. पुढे बँडच्या निवडक गाण्यांच्या संग्रहांत बॅरटच्या रचना राहतील व त्याचा वाटा त्यास पोहोचेल, याची काळजी गिल्मरने घेतली. २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये चौघे अनेक वर्षांनी पुन्हा एकत्र उभे राहिले, तेव्हा वॉटर्सने हजारोंच्या समोर सिडचे स्मरण केले. तो स्वतः तेव्हा केंब्रिजला, आपले मूळचे रॉजर हे नाव पुन्हा धारण करून, बागकाम व चित्रे यांत दिवस काढीत होता. ७ जुलै २००६ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, तो स्वादुपिंडाच्या कर्करोगाने वारला. राइटही १५ सप्टेंबर २००८ रोजी गेला.

बँडवर असाच प्रसंग पुन्हा एकदा आला. १९८५ साली वॉटर्स बाहेर पडला, आणि नाव कोणाचे यावर कज्जे झाले. १९८७ साली गिल्मर व मेसन यांनी पिंक फ्लॉइड याच नावाने ‘अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन’ काढली. ती खपली पुष्कळ. परंतु या वेळी त्यांना जुना नाद जपावयाचा होता, शोधावयाचा नव्हता. १९६८ साली त्यांच्यापाशी जपण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून ते इतके दूर जाऊ शकले, असे आम्हांस वाटते. रिकामे हात हेही कधी कधी भांडवल असते.

वाचकांपैकी कोणी ‘शाइन ऑन’ ऐकण्याचे मनावर घेतले, तर त्यांनी शेवटपर्यंत थांबावे. नववा भाग राइटचा आहे. गाणे संपले आहे, शब्द केव्हाच संपले आहेत, आणि वाद्ये हळूहळू मावळत आहेत. त्या अखेरच्या क्षणी राइट आपल्या पट्ट्यांवर, अगदी पुसट, एका जुन्या चालीचा तुकडा वाजवितो. ती चाल ‘सी एमिली प्ले’ची आहे, १९६७ सालची, सिडची. ज्याला माहीत नाही त्याच्या ती कानावरूनही जाईल. ज्याला माहीत आहे तो क्षणभर थांबतो. साडेसात वर्षांपूर्वी जो शब्द गाडीतून उतरून बोलावयाचा राहून गेला होता, तो राइटने तेथे वाजविला आहे.